दिव्यातल्या मुलाची फाईल आईच्या पिशवीतच का?

मा. आयुक्त,
ठाणे महानगरपालिका यांस,

सविनय नमस्कार.

मी विशेष शिक्षिका आहे. दिवा, मुंब्रा, कळवा या पट्ट्यातल्या मुलांबरोबर काम करते. कुणी स्वमग्न आहे, कुणाला कमी ऐकू येतं, कुणी पाच वर्षांचं झालं तरी दोनच शब्द बोलतं. या मुलांसाठी आपल्या शहरात काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. होतं ते तुकड्यातुकड्यांनी होतं आणि ते तुकडे जोडायचं काम एकट्या आईवर पडतं. ते काम महापालिकेने आपल्याकडे घ्यावं, म्हणून हे पत्र.

मूल तीन वर्षं अंगणवाडीत असतं. सेविकाताईंना त्याची नस न् नस ठाऊक असते. प्रार्थनेचा स्पीकर लागला की हा कान झाकतो. नावाने हाक मारली तर वळत नाही, पण खिचडीच्या पातेल्याचा आवाज आला की धावत येतो. दाराजवळ बसवलं तर पळतो, खिडकीशी बसवलं तर अर्धा तास रमतो. जूनमध्ये हेच मूल पहिलीत जातं आणि त्याच्याविषयीचं हे सगळं ज्ञान अंगणवाडीतच राहतं. वर्ग भरलेला, बाई एकटी. तिच्या लेखी तो हट्टी मुलगा. दिवाळीच्या सुट्टीआधी आईला बोलावणं येतं, ‘याला स्पेशल शाळेत घाला.’ विशेष शाळा लांब, रोज पोचवणार कोण? मग मूल घरी बसतं. खिडकीशी बसवा, एवढं एक वाक्य जूनमध्ये बाईंपर्यंत पोचलं असतं तरी त्याचं पहिलं सत्र वेगळं गेलं असतं.

ते पोचत नाही, कारण ते पोचवणं कुणाचंच काम नाही. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलं तपासणारं पथक आरोग्य विभागाचं. शाळा महापालिकेची, नाहीतर खासगी संस्थेची. सर्वसाधारण शाळेतला विशेष शिक्षक समग्र शिक्षा योजनेतला. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून. यातली कितीतरी माणसं मनापासून काम करतात, हे मी जवळून पाहते. पण त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. त्यांना जोडणारी एकच व्यक्ती म्हणजे दिवा स्टेशनच्या गर्दीत एका हाताने मुलाला आणि दुसऱ्या हाताने रिपोर्टची पिशवी धरून उभी असलेली त्याची आई. प्रत्येक टेबलापुढे ती पुन्हा पहिल्यापासून सांगते, गरोदरपणापासून.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 17 ने दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करून दिव्यांग मुलं आणि त्यांच्या गरजा शोधण्याची जबाबदारी शासनाबरोबर स्थानिक प्राधिकरणांवरही टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवलं. तेवढे शिक्षक नेमायला वेळ लागेल, हे मला कळतं. एकत्र बसायला मात्र नव्या भरतीची गरज नाही.

माझी मागणी अशी. आपल्या 9 प्रभाग समित्यांमध्ये महिन्यातून एकदा बैठक व्हावी. तिथे अंगणवाडीच्या मुख्यसेविका, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, शाळांचे मुख्याध्यापक, विशेष शिक्षक आणि परिसरात काम करणाऱ्या संस्था असाव्यात. खासगी शाळांनाही बोलवा, आपली बरीच मुलं तिथेच आहेत. परिपत्रकं वाचून दाखवायला ही बैठक नको. एकेका मुलावर बोलायचं, आणि त्याचे आईवडील तिथे खुर्चीवर बसलेले हवेत, दाराबाहेर नव्हे. या महिन्यात कोण काय करणार हे एका पानावर लिहायचं. ते पान मराठीत, हिंदीत किंवा उर्दूत, घरी जे वाचता येईल त्यात असावं आणि मुलाबरोबर पुढच्या वर्गात जावं. अर्थात पालकांची संमती असेल तरच. चाळीत एकदा बोभाटा झाला की मुलाला खेळायलाही कुणी घेत नाही, म्हणून याबाबत मी आग्रही आहे. आणि प्रत्येक प्रभागात पालकांचा फोन उचलणारी एक व्यक्ती नेमा, नावानिशी.

पैशांचा प्रश्न येईलच. दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा 5 टक्के निधी आहे. त्यातला थोडा भाग आईच्या प्रवासखर्चावर आणि थेरपीवर वळवता येईल. शेजारच्या नवी मुंबई महापालिकेचं वाशीचं, दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आपल्या अधिकाऱ्यांनी जाऊन पाहावं. शिक्षण, प्रशिक्षण, थेरपी हे सगळं तिथे एका छताखाली आहे आणि ते एक महापालिकाच चालवते. ठाण्यात तशी इमारत उभी राहीपर्यंत दिव्याच्या मुलांनी थांबायचं का?

सुरुवात दिवा प्रभागापासून करावी आणि पहिली बैठक एप्रिलमध्ये घ्यावी. म्हणजे जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांची पानं शाळा सुरू होण्याआधी वर्गशिक्षिकांच्या हातात पडतील. मी आणि माझ्या काही सहकारी विशेष शिक्षिका मानधन न घेता यायला तयार आहोत. महापालिकेच्या शाळेतला एक वर्ग पुरेल, फक्त तळमजल्यावरचा द्या. आणि वार रविवार ठेवा. मधल्या वारी आले तर या पालकांचा खाडा पडतो.

आपली विश्वासू,
एक विशेष शिक्षिका, दिवा