शनिवारी आपला संघ तुझ्या शहरात

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी आपला हॉकीचा संघ तुझ्या शहरात खेळायला येतोय. मला यायला जमणार नाही, म्हणून तू जा. कामं असतील, ती रविवारी कर. दुसऱ्यांच्या मैदानावर आपल्या बाजूने ओरडायला मोजकी माणसं असतात. घरच्या मैदानावर आपण ओरडलो काय नि गप्प बसलो काय, त्या गोंगाटात फरक पडत नाही. तिथे पडतो. स्टँडमधून आलेली ओळखीची एक हाक बचावातल्या पोराला नक्की ऐकू जाते, मी त्यांना मान वर करून बघताना पाहिलंय.

मागे फोनवर तू चिडून विचारलं होतंस, "तो तिकडे गेला, मग आपण ओरडायचं तरी कोणासाठी?" आपला ड्रॅग फ्लिकर, म्हणजे चेंडू स्टिकने ओढून गोलात भिरकावणारा खेळाडू, तुझ्या शहराच्या क्लबने नेला, त्याची ती चिडचिड होती. शनिवारी तो आपल्याचविरुद्ध उभा राहणार आहे, म्हणून आज उत्तर लिहिते.

गोन्झालो पेइलाटचं नाव तुला माहीत आहे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाने सुवर्ण जिंकलं, तेव्हा स्पर्धेत सगळ्यांत जास्त गोल त्याचे होते. पुढे तोच जर्मनीकडून खेळू लागला. 2023 च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियावर त्याने हॅट्ट्रिक केली, जर्मनी 4-3 ने जिंकली आणि मग विश्वविजेतीही झाली. माणूस देशसुद्धा बदलतो, इथे तर क्लबच आहे. हॉकीपटूची कारकीर्द लहान, गुडघे आणि कंबर कधी साथ सोडतील सांगता येत नाही, आणि आपला संघ त्याला देऊ शकत नव्हता ते दुसऱ्याने दिलं. तो गेला त्याचा मला राग नाही. तूही धरू नकोस. त्याचं नाव पुकारतील तेव्हा उभी राहून टाळ्या वाजव, अगदी मनापासून. त्याच्या फ्लिकवर आपण नाचलोय.

पण तो डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाशी येऊन उभा राहिला की तू आमची.

त्या वेळी चेंडूकडे बघू नकोस, गोलपोस्टमध्ये उभ्या असलेल्या आपल्या पहिल्या रशरकडे, म्हणजे फ्लिक अडवायला सगळ्यांत आधी धावणाऱ्याकडे, बघ. पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे बचावाच्या चुकीमुळे समोरच्यांना मिळालेल्या गोलच्या संधीला, बचावाला मिळतात गोलरक्षक धरून पाचच जण, बाकीचे सगळे मध्यरेषेपलीकडे. चेंडू गोलपोस्टपासून दहा मीटरवरून ढकलला जातो, तो डीबाहेर अडवला जातो, आत ओढला जातो आणि फ्लिक होतो. हे सगळं दोनेक सेकंदांत. चेंडू सुटतो तो ताशी शंभर किलोमीटरच्या वर. आणि हा पोरगा त्या चेंडूच्या रेषेत, समोरून, जीव खाऊन धावत येतो. फ्लिकच्या पाच मीटरच्या आत येऊन चेंडू त्याच्या गुडघ्याखाली लागला तर समोरच्यांना आणखी एक कॉर्नर. म्हणजे परत मास्क घाल, परत धाव. स्कोअरकार्डावर त्याचं नाव कधीच येत नाही.

आपला रशर कॉर्नर मिळाला की आधी अंगठ्याने कपाळावरचे केस मास्कच्या पट्ट्यात कोंबतो, मग डाव्या हाताचा ग्लोव्ह दातांनी ओढून घट्ट करतो, आणि मग स्टिकचं टोक गोलरेषेवर दोनदा टेकवतो. दरवेळी याच क्रमाने. सरावात वर्षानुवर्षं तोच आपल्या त्या ड्रॅग फ्लिकरसमोर धावत आलाय. त्याचा खांदा कधी पडतो, चेंडू उजव्या कोपऱ्यात जायचा असेल तर शेवटचं पाऊल कसं लांब पडतं, हे जगात कुणाला ठाऊक असेल तर या पोराला. आणि धावणारा कुठून येतो हे त्या फ्लिकरलाही पाठ आहे. शनिवारचा खरा सामना या दोघांचा आहे. मला तो बघायला मिळणार नाही याचं फार वाईट वाटतंय, म्हणून तू डोळ्यांत तेल घालून बघ.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हा रशर आहे. चमकणारा खेळाडू कुठेही गेला तरी त्याच्यासाठी टाळ्या वाजवणारे मिळतात. या पोरासाठी ओरडणारे फक्त आपल्या गावचेच.

आता कुठे बसायचं ते सांगते. साइडलाइनजवळच्या खुर्च्या मिळाल्या तरी घेऊ नकोस. वर बस, मध्यरेषेच्या आसपास. खाली बसलीस की फक्त स्टिका आणि पाण्याचे फवारे दिसतात, वरून संघाची मांडणी दिसते. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, त्यामुळे मधे बसलेलं बरं. आणि पहिला क्वार्टर आपल्या लेफ्ट हाफवरच, म्हणजे डावीकडच्या बचावपटूवरच, नजर ठेव. स्टिक सगळ्यांची एकाच घडणीची असते, सपाट बाजू डावीकडे, डावखुऱ्यालासुद्धा वेगळी स्टिक चालत नाही. त्यामुळे बचावपटूची डावी बाजू नेहमी कच्ची, तिथे उलट्या स्टिकने अडवावं लागतं. आणि आपल्या लेफ्ट हाफसमोर येणारा विंगर नेमका साइडलाइन धरून त्याच डाव्या अंगाने निसटू बघतो. चांगला लेफ्ट हाफ ती वाटच बंद करून उभा राहतो, विंगरला आत वळायला लावतो, आपल्या फोरहँडकडे, जिथे आपला सेंटर हाफ मदतीला असतो. झटापट नाही, कुणी पडत नाही, चेंडू नुसता मागे जातो. आजूबाजूचे म्हणतील, काही घडत नाहीये. तू बघ, घडतंय.

यंदा हरतोय आपण, मान्य. तळाला आहोत आणि शनिवारीही हरू शकतो. पण मी काय काय पाहिलंय ते तुझ्या लक्षात नसेल, तू लहान होतीस. 2008 मध्ये भारत ऑलिंपिकला पात्रच ठरला नाही. 2012 ला लंडनमध्ये गेला आणि सगळे सामने हरून बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर आला. त्या दिवसांत हॉकीचं नाव काढलं की लोक विषय बदलायचे. त्या लंडनच्या संघात गोलरक्षक श्रीजेश होता. 5 ऑगस्ट 2021 ला टोकियोत जर्मनीविरुद्ध 1-3 ने मागे पडून आपण 5-3 अशी आघाडी घेतली, जर्मनीने ती 5-4 वर आणली, आणि घड्याळात सहा-सात सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. गोलमध्ये तोच श्रीजेश. त्याने तो अडवला आणि 41 वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं. तेव्हा तू सोफ्यावर उभी होतीस आणि मी तुला खाली उतर म्हणालेही नाही. त्याच टोकियोत आपल्या मुलींनी उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला 1-0 ने हरवलं होतं. गुरजीत कौरचा पेनल्टी कॉर्नरवरचा एक गोल, आणि मग अर्ध्याहून जास्त सामना नुसता बचाव. तो बचाव मी अजूनही अधूनमधून लावून बघते, गोलपेक्षा जास्त.

आणखी एक. हूटर वाजला म्हणून लगेच उठू नकोस. वेळ संपण्याआधी कॉर्नर दिला असेल तर तो पूर्ण होईपर्यंत सामना संपत नाही, आणि आपल्या संघाने अशा वेळी दोन्ही प्रकारे रडवलंय. पंचांना शिव्या देणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. चेंडूला पाय लागला की नाही हे वरून आपल्याला दिसत नाही, आणि संघाकडे व्हिडिओ रेफरल, म्हणजे निर्णय व्हिडिओवर तपासून मागायची सोय, असतो, ते बघून घेतील. ओरडायचं ते आपल्या पोरांची नावं घेऊन ओरड. संघाची बस जिकडे लागलेली असते त्या दाराशी शेवटी दहा मिनिटं थांबता आलं तर थांब. हरले असतील तर काही बोलू नकोस, तुझ्या गळ्यातला आपला मफलर दिसला तरी पुरे. जिंकले असतील तर बोल.

मफलर कुरियरने पाठवलाय, गुरुवारपर्यंत मिळेल. धुतेस तर गार पाण्यात, रंग जातो.

सामना संपला की मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी. मी फोनवर स्कोअर बघणार नाही. तूही आधी स्कोअर सांगायचा नाहीस. पहिल्या पेनल्टी कॉर्नरपासून सुरुवात कर: तो कुठे उभा होता, आपला पोरगा कुठून सुटला, आणि चेंडू कुठे लागला.

तुझी,
आई