मित्राची हाक आणि आपला होकार

चि. सईस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू तावातावाने म्हणालीस, "आई, मित्रदेशावर दहशतवादी हल्ला झाल्यावर, त्याच्या बाजूने लढायला जाण्याआधी जो हिशेब मांडत बसतो, तो मित्र कसला?" तुझी तळमळ खरी होती, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण ते वाक्य मनातून जाईना.

कॅनडाचंच बघ. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरच्या हल्ल्यांत जवळपास तीन हजार माणसं गेली, त्यांतली २४ कॅनडाची. हल्ला रचणाऱ्यांना अफगाणिस्तानात आसरा होता. कॅनडा तिथे लढायला गेला आणि मला ते गैर वाटत नाही. पण त्या होकारापायी त्यांचे १५८ सैनिक गेले. शवपेट्या कॅनडातल्या ट्रेंटनच्या हवाई तळावर उतरायच्या आणि तिथून टोरांटोकडे निघायच्या. महामार्गावरच्या पुलापुलावर अनोळखी लोक झेंडे घेऊन थांबलेले, अग्निशमन दलाचे जवान बंबावर उभे राहून सलामी देतायत आणि शववाहिनीच्या मागच्या गाडीत घरची माणसं. त्या गाडीतल्या आईला "मित्राने बोलावलं म्हणून" एवढंच सांगून भागेल का गं?

दोन वर्षांतच त्याच मित्राने, अमेरिकेने, इराकमधल्या युद्धासाठी हाक दिली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात इराकचा हात नव्हता. १७ मार्च २००३ ला पंतप्रधान जाँ क्रेतियाँ यांनी संसदेत सांगून टाकलं, सुरक्षा परिषदेच्या नव्या ठरावाशिवाय कॅनडा येणार नाही. त्याच दिवशी लंडनमध्ये ब्रिटनचे मंत्री रॉबिन कुक यांनी या युद्धाला विरोध म्हणून मंत्रिपद सोडलं. टाळ्यांची प्रथा नसलेल्या ब्रिटिश संसदेत त्यांच्या भाषणानंतर काही खासदार उभे राहून टाळ्या वाजवत होते. तरी ब्रिटन युद्धात उतरलाच.

ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी जुलै २००२ मध्येच अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना लिहिलं होतं, काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत असेन. सई, मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. एकदा असा शब्द देऊन बसलं की पुरावा तपासणारी नजरसुद्धा त्या शब्दाच्या बाजूने झुकते. ज्या संहारक अस्त्रांसाठी युद्ध झालं, ती सापडलीच नाहीत. ब्रिटनचे १७९ सैनिक गेले. इराकी नागरिक किती गेले, त्याचा आकडा लाखाच्या पुढे जातो, आणि त्यांना तर कुणी विचारलंच नव्हतं.

नकार दिला की मैत्री तुटते, असं तू म्हणशील. जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारने, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून, इराकमध्ये सैन्य पाठवायला अमेरिकेला नकार दिला. दोनच वर्षांनी त्याच दोन देशांनी अणुसहकार्याची घोषणा केली.

त्या पुलांवरच्या गर्दीचे फोटो शोधून बघ. नीट बघ, आणि मग रविवारी फोन कर. तुझं म्हणणं तेव्हाही तेच असेल, तर मला पुन्हा पहिल्यापासून ऐकायचंय.

तुझी,
आई