बिल्ला नंबर आठवतोय का?

पुणे, रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. तू यायला हवा होतास रे! स्वारगेटजवळच्या छोट्या हॉलमध्ये आम्ही वीस-बावीस एसटीवेडे जमलो होतो. ओळख पटावी म्हणून प्रत्येकाने छातीवर बिल्ला लावून यायचं ठरलं होतं, आणि नावाऐवजी सगळ्यांनी गाडीचं पासिंगच, म्हणजे नंबर प्लेटवरचा नंबर, लिहून आणलं. पुणेकरांच्या छातीवर एसटीच्या गाड्या बांधणाऱ्या दापोडी वर्कशॉपची एमएच 14 बीटी, संभाजीनगरकरांच्या चिकलठाण्याची एमएच 20 बीएल, नागपूरकर हिंगण्याची एमएच 40 घेऊन आलेला. पुढचे चार आकडे ज्याच्या त्याच्या जन्मतारखेचे. एकाने तर खाली ‘आसने 44’ असंही लिहिलं होतं!

दारावरचा रखवालदार ओळखपत्र मागायला लागला, तर सगळ्यांनी छातीकडे बोट दाखवलं. त्याने दोन-तीन नंबर वाचले आणि विचारलं, “आरटीओची मीटिंग आहे का?” हसून हसून पुरेवाट झाली.

मग चहाची वर्गणी. एक काका आधार कार्ड पुढे करून म्हणाले, “पंचाहत्तर पूर्ण, माझं तिकीट शून्य.” लगेच एक ताई म्हणाल्या, “मार्च 2023 पासून माझं अर्धं.” वर्गणी गोळा करणारा बिचारा हिशेबच विसरला.

या सगळ्या गडबडीत एक निवृत्त कंडक्टर शांत बसले होते. त्यांनी पासिंग लिहिलं नव्हतं. पांढऱ्या सदऱ्यावर त्यांचा खराखुरा बिल्ला होता. मी जवळून पाहिला. धातू पिवळा पडलेला, आकड्यांच्या कडा बोटांनी झिजलेल्या, मागच्या पिनेत खाकी कापडाचा एक धागा अजून अडकलेला. म्हणाले, “नोकरीभर लोकांनी मास्तर म्हटलं. तक्रार आली तर बिल्ला नंबरानं, कौतुक आलं तरी बिल्ला नंबरानं. नाव कुणी विचारलं नाही.”

दोस्ता, मला एकदम आपले मास्तर आठवले. भोर-स्वारगेटची सकाळची गाडी! तिचं पासिंग मी आजही झोपेत सांगेन. मास्तरांचा तिकिटांवर टकटकणारा चिमटा, पास घरी विसरला तरी “उद्या दाखव” म्हणणं, तुझ्या परीक्षेच्या दिवशी डबल बेल न देता तुझ्यासाठी थांबवलेली गाडी, सगळं लक्षात आहे. 1 जून 1948 ला नगर-पुणे मार्गावर धावलेल्या पहिल्या एसटीचे कंडक्टर लक्ष्मण केवटे, हे आपण पोरांना कौतुकाने सांगतो. पण ज्यांनी आपल्याला तीन वर्षं कॉलेजला नेलं, त्यांचं नाव आपल्याला माहीत नाही. याची मला फार लाज वाटली. पुढच्या वेळी बिल्ल्यावर पासिंग असू दे, पण खाली नाव हवंच, हे मी तिथेच सगळ्यांना सांगितलं.

ते निवृत्त कंडक्टर म्हणाले, “बिल्ला नंबर सांगा, जुनी माणसं ओळखतील. भोर आगारात मी स्वतः विचारतो.”

तू कायम पुढच्या बाकावर बसायचास. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहायला मास्तर तुझ्याच शेजारी टेकायचे, बिल्ला अगदी तुझ्या डोळ्यांसमोर असायचा. शेवटी सात होता, एवढंच मला आठवतंय. त्याच्या आधीचे आकडे तुला आठवतात का? पत्र मिळाल्याबरोबर फोन कर.

तुझा,
एमएच 14 बीटी 0911