कोल्हापुरात एक मुक्काम वाढव

कोल्हापूर,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय अविनाश,

तुझं पत्र मिळालं. सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा आणि रात्रीच्या गाडीने परत? लेका, एवढ्या लांबून येऊन एवढंच पाहणार? दर्शन तर व्हायलाच हवं, पण एक मुक्काम वाढव. मला तुला टाऊन हॉलमधलं संग्रहालय दाखवायचंय.

सीपीआर दवाखान्यासमोरच्या बागेत ती जुनी दगडी इमारत आहे. दर्शनाला आलेली बहुतेक माणसं तिच्यावरून पुढे निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे ना, तिथे १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातलं नगर वर आलं. त्या टेकडीत सापडलेल्या वस्तू म्हणजे या संग्रहालयाचा जीव. त्यातली पोसायडनची कांस्यमूर्ती वीतभरसुद्धा नाही. ग्रीकांचा समुद्रदेव, घडण रोमन, आणि सापडला कुठे, तर समुद्रापासून इतक्या आत, घाटमाथ्यावरच्या आपल्या गावात! कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून इथवर येत असणार. इथल्या कुणीतरी तो देव हौसेने घरात ठेवला असेल. मी तिथे गेलो की माझा पाय निघत नाही. तुझ्या मुलीला इतिहासाची गोडी आहे म्हणतोस, तर तिला आधी तिकडेच ने. आबालाल रहिमान यांची चित्रंही तिथेच आहेत. सोमवार मात्र टाळ, संग्रहालय बंद असतं.

तिथून थेट खासबाग. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले, रोमचं कलोझियम पाहिलं आणि परतल्यावर आपल्या पैलवानांसाठी हे मैदान बांधायला घेतलं. १९१२ मध्ये ते पुरं झालं. मधला आखाडा खोल आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती नीट दिसते. कुस्ती नसली तरी वर बसून बघ, राजाने किती विचार केला होता ते कळतं.

शेजारीच संगीत रंगभूमीवरचे गायक-नट केशवराव भोसले यांच्या नावाचं नाट्यगृह. तेही महाराजांनीच १९१५ मध्ये उभारलेलं, तेव्हा नाव पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. गावातली म्हाताऱ्या कलाकारांसकट कितीतरी माणसं तिथे उभी राहून रडली रे. आपण लहानपणी नाटकं पाहिली ती तिथेच, म्हणून तुला बाहेरून तरी तिकडे नेणार आहे.

नवा राजवाडा मुलांना आवडतो, त्याला दोन तास पुरेत. कणेरी मठावरचं ग्रामजीवन संग्रहालय आईंना दाखव. बलुतेदारांचे पुतळे आणि अवजारं पाहून त्यांना त्यांचं माहेर आठवेल, पण चालणं बरंच आहे, सकाळीच जा. राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय राहिलं तर पुढच्या खेपेला.

जमलं तर नोव्हेंबरच्या ९ ते ११ ला या. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, मावळतीचं ऊन थेट गाभाऱ्यात येतं. गर्दी होते, पण आपण वेळेआधी जाऊन उभं राहू. हॉटेल बघू नकोस, आमच्याकडेच उतरा. वहिनींना आणि आईंना नमस्कार. गाडीचं तिकीट काढलंस की कळव.

तुझा,
विनायक