शेंगदाण्याचं कूट आणि ४० डॉलरचं यंत्र

महोदय,

माझ्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. कोशिंबिरीपासून भरल्या वांग्यापर्यंत सगळ्यात कूट घालणाऱ्या आपल्या मुलखात ही केवढी पंचाईत! गेल्या महिन्यात एका लग्नात वाढप्याला तीनदा विचारलं. "नाही हो ताई, नुसतं खोबरं आहे," म्हणाला. पाच मिनिटांत पोरीचे ओठ सुजले.

हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवता येईल असं 'आयईट' यंत्र तयार केलं. चुंबकीय कण पदार्थातली ॲलर्जीकारक प्रथिनं वेचतात आणि इलेक्ट्रोड ती मोजतात. गहू, दूध, अंड्याचा पांढरा बलक, शेंगदाणा आणि हेझलनट हा परदेशी सुकामेवा (तो आपल्याकडे खातं कोण?) यांचा पत्ता दहा मिनिटांच्या आत लागतो. यंत्राचा खर्च तेव्हा ४० डॉलर. अर्थात, तपासलेल्या घासात नसलेलं कूट वाटीच्या तळाशी असू शकतं. डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन पर्समध्ये राहणारच.

पाकीटबंद पदार्थांवर ॲलर्जीची सूचना छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. पंगतीतल्या पातेल्यावर लेबल कोण लावणार? आपल्या प्रयोगशाळांनी असं यंत्र आणखी स्वस्तात बनवावं, आणि सुरुवात शेंगदाण्यापासूनच करावी.

– एक आई, सांगली