शॉवरची धार आणि सॉफ्टनरची जागा

ती. आई-बाबांना,

सा. न. वि. वि.

आई, तू फोनवर म्हणालीस की वरच्या बाथरूममध्ये शॉवरला करंगळीएवढी धार येते. बाबा मागून ओरडले, ‘सवय होईल!’ सवय कशाला करायची? चांगले पैसे मोजून जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवलाय.

बाबा, मशीनमध्ये खोट नसावी, जागा चुकली असावी. ते गच्चीवर, टाकी आणि नळांच्या मध्ये बसवलंय. आपल्याकडे पाणी टाकीतून नुसत्या उतारानं येतं. 33 फूट उंचीवरून पाणी उतरलं तर कुठे एक किलो (चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. टाकी आणि वरचा शॉवर यांत असेल सातेक फुटांचा फरक, म्हणजे जेमतेम पाव किलो. अशा ऑटोमॅटिक मशीनला दीड-दोन किलो लागतो. त्यात पाण्याला रेझिनच्या, म्हणजे क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या, थरातून वाट काढायची. खालच्या नळांना धार बरी येते ती उंची जास्त म्हणून.

भांड्यांवर पांढरे डाग परत दिसायला लागले, हेही मला त्यातलंच वाटतं. रेझिन धुवायला आणि मिठाचं पाणी ओढायला दाबच लागतो. तो नसला की मीठ मशीनच्या मिठाच्या टाकीत तसंच पडून राहतं. मीठ खाली गेलंय का, तेवढं बघा.

प्लंबरला आधी बायपासचा, म्हणजे मशीन टाळून पाणी नेणारा, कॉक उघडायला सांगा. धार मोठी झाली तर अडथळा मशीनमध्ये किंवा त्याच्या आधीच्या फिल्टरमध्ये आहे. नाहीच झाली तर शॉवरची जाळी क्षारानं बुजली असेल, ती रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवायची. गच्चीवर त्यालाच जाऊ द्या. बाबा, गुडघे तुमचे आहेत, हौस आवरा.

मशीनच असेल तर ते गच्चीवरून काढून खाली, बोअर आणि टाकी यांच्यामध्ये घ्यायचं. तिथे मोटर पाणी ढकलते, दाबाची चिंता नाही, आणि टाकीतून नळांना पूर्वीसारखी धार येईल. आधी वाळूचा फिल्टर मात्र हवाच. मोटरचा दाब आणि पाणी मशीनला झेपतं का, हेही विचारून घ्या. मशीनचं रेझिन धुण्याचा टायमर रात्री दोनचा लावलाय, तेव्हा मोटर बंद असते. तो सकाळी मोटर चालू असतानाचा करून घ्या. विक्रेता प्रेशर पंप गळ्यात मारू बघेल. तोही इलाज आहे, पण वीज गेली की पुन्हा तेच.

मशीनच्या आधीच एक वेगळा नळ काढायला सांगा, झाडांसाठी आणि स्वयंपाकघरातल्या आरओसाठी. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम सोडतो. बाबांच्या बीपीला आणि आईच्या मोगऱ्याला ते नको. आणि बाबा, तो टीडीएसचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) पेन आता कपाटात ठेवा. सॉफ्टनरनं टीडीएस उतरत नाही, त्यावरून फसवलं म्हणून भांडू नका.

2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हापासून गटारात जाणारं पाणी तुम्हाला बघवत नाही, ठाऊक आहे मला. मशीनचं धुवण खारट असतं, पण शेवटचं पाणी बादलीत धरून संडासात ओतता येईल. झाडांना अजिबात नको.

आई, अंगावरचा साबण निघत नाही असं वाटतं ना? निघालेला असतो. मऊ पाण्यात अंग बुळबुळीत लागतं. साबण निम्मा कर.

प्लंबर आला की मला व्हिडिओ कॉल लावा. पाइप कुठून कुठे जातात ते मीच त्याला विचारते. तुम्ही दोघं मध्येच ‘राहू दे, चालतंय’ म्हणू नका.

तुमची,
ताई