47 एफ/6 आणि आबांची वाडी

प्रिय पम्या,

सव्वा वर्ष झालं, ना फोन ना मेसेज. तुझा वाढदिवसही चुकवला. रागवायचं तेवढं रागव, पण आधी हे वाच, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगून कळायचं नाही. तब्येत ठीक, शुगर आटोक्यात.

47 एफ/6 मिळाली!

हो, तीच, सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाची शीट. एक इंचाला एक मैल, पवनेच्या धरणाच्या आधीची. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी माळा उपसला, त्यात काकांची गुंडाळी निघाली. मागे कापड डकवलेलं, घडीच्या जागी कागद कापून काडीभर कापड मोकळं सोडलेलं, त्यामुळे इतक्या वर्षांनीही एक रेघ तुटलेली नाही. हात लावायचा धीर होईना. आठवतं, हीच शीट मागायला गेलो तेव्हा किनाऱ्यापासून 80 किलोमीटरच्या आतली, म्हणून बंदी असलेली, असं सांगून खिडकीवरूनच आपली बोळवण झाली होती? मग टेक्सास विद्यापीठाच्या साइटवरचा अमेरिकन लष्कराचा एकास अडीच लाख मापाचा नकाशा छापून घेतला, आणि तेलबैलाच्या रानात तू जिल्ह्याच्या हद्दीची तुटक रेघ पाऊलवाट म्हणून धरलीस. काटे काढत बसलो दोघं रात्रभर. ती हद्द होती हे तू अजून कबूल केलेलं नाहीस, पम्या. आता तरी कर.

तर, या शीटवर पवनेचं धरणच नाही. 1972 च्या आधीचं खोरं आहे. तुंग किल्ल्याच्या पायथ्यापासून नदीपर्यंत पिवळी शेतं, घरांचे लाल ठिपके, 50-50 फुटांचे कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, आणि त्यांतून खिंडीकडे चढणारी तुटक पाऊलवाट. आमच्या बुडालेल्या वाडीची, आजोबा, म्हणजे आबा, सांगायचे तीच. मी स्कॅन करून फोनवर चढवली, तर कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवर बसवूनही सगळं शंभरेक मीटर सरकलेलं. जुन्या सर्वेक्षणाने पृथ्वीचं माप वेगळं धरलेलं, हे तूच मला शिकवलंयस. म्हणून कोपरे सोडले आणि तुंग नि लोहगडाच्या माथ्यांवर जुळवली. माथे काही जागचे हलत नाहीत.

मेअखेरीला पाणी खूप खाली गेलं तेव्हा एकटाच गेलो. भेगाळलेल्या गाळातून, फोनमधला ठिपका तुटक रेघेवर ठेवत. वाट दिसत नव्हतीच. पण ओढा ओलांडला आणि नकाशावर निळा ठिपका होता तिथे घडीव दगडांचं कडं, गाळाशी सपाट. विहीर. आत काठोकाठ माती. एका दगडाला दोराने पडलेली खाच आहे. बोट घातलं तर अर्धं पेर आत गेलं. पणजी इथेच पाणी शेंदायची. मी तिथेच खाली बसलो. बराच वेळ उठवेना.

आता खरी गोष्ट. विहिरीशेजारी तीन लाल ठिपके आहेत, पण वाडीचं नाव नाही. शेजारच्या गावाच्या नावाची अक्षरं लांबत आमच्या विहिरीपर्यंत येतात, एवढंच. चूक कुणाची नाही. या मापात एक मिलिमीटर म्हणजे 63 मीटर, नाव लिहिलं असतं तर ते वाडीपेक्षा मोठं झालं असतं. पण आबांना हे कसं सांगू? 86 वर्षांचा माणूस, काकाकडे तळेगावला रोज संध्याकाळी विचारतो, "नकाशा आणतोस ना? आपलं नाव दाखव." पाण्याखाली गेलं तरी सरकारच्या कागदावर आपण आहोत, याच आधारावर त्यांनी इतकी वर्षं काढली.

आबांना इंग्रजी वाचता येत नाही. मी बोट ठेवून वाडीचं नाव घेतलं तर त्यांना कधी कळणारही नाही. तीन रात्री हेच चाललंय डोक्यात. तू म्हणायचास, नकाशाशी खोटं बोलायचं नाही, वाट चुकते. तेव्हा मी तुझ्याशी भांडलो होतो, आज तेच वाक्य आडवं येतंय. बायको म्हणते, म्हाताऱ्याला सुख मिळतंय तर वाच की. तिला मी उत्तर देऊ शकलो नाही. पण विहीर तर खरी आहे ना रे? ती खाच खरी आहे. खाचेचा फोटो आधी दाखवावा आणि नावाचं नंतर बघावं, असं आज वाटतंय. उद्या काय वाटेल सांगता येत नाही.

तुझं बंगळूरचं घर झालं का? पोरीला शाळा आवडली असेल. तुझ्याकडच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं कानावर आलं, त्यांना नमस्कार सांग.

आणि एक. आमची शीट 73 अंश 30 मिनिटे रेखांशावर संपते. तुंग आमच्यात, तिकोना पलीकडे. आबांची बाजाराची वाट कडेपर्यंत येते आणि कागदच संपतो. तुझ्या बाबांच्या ट्रंकेत शेजारची शीट 47 एफ/10 असेल तर शोध. नाव त्या बाजूलाही नसणार, माहीत आहे. पण पुढची वाट तरी दाखवता येईल.

रविवारी तळेगावला जातोय. त्याआधी फोन कर, रात्री कितीही उशिरा.

तुझा,
बंड्या